काबुकी नटाचं ठसाचित्र ओळखताना: आधी शिक्का, मग सही, घराण्याचं चिन्ह नंतर

जपानी लाकडी ठशांच्या चित्रांत काबुकीच्या, म्हणजे जपानच्या पारंपरिक नाट्यप्रकारातल्या, नटांच्या चित्रांना याकुशा-ए म्हणतात. एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, नवं नाटक लागलं की त्यातल्या नटाचं त्या भूमिकेतलं चित्र लगेच दुकानात टांगलं जायचं. नाटक उतरलं की त्या चित्राची मागणीही उतरायची. म्हणून बहुतेक पानं एका ठरावीक प्रयोगाला बांधलेली असतात, आणि हीच गोष्ट ओळख पटवताना सगळ्यात जास्त उपयोगी पडते. पान कोणत्या महिन्यात निघालं, त्यात नट कोण आणि त्याची भूमिका कोणती, ही तीन उत्तरं एकमेकांशी जुळली पाहिजेत. जुळली तर काम झालं. नाही जुळली तर कुठेतरी वाचायला चूक झाली आहे, किंवा ते पान वेगळ्या जातीचं आहे.

बरेच जण सुरुवात सहीपासून करतात आणि तिथेच फसतात. उतागावा या चित्रकारांच्या घराण्यात एकच नाव तीन-तीन चित्रकारांनी लावलं आहे. सहीच्या आधी शिक्का वाचावा.

साधनं थोडीच लागतात: दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी बॅटरी, मिलिमीटरची पट्टी आणि मोबाइलचा कॅमेरा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती हातमोजे घालू नका, कारण त्यांतून पातळ कागदाची कड बोटाला कळत नाही आणि ती दुमडते. पान दोन्ही हातांनी, समोरासमोरच्या कोपऱ्यांना धरून उचला. जपानी लिपी येत नसली तरी चालेल, कारण पुढची बरीचशी ओळख आकारांवरून होते.

माप

पान मोजून घ्या. सुमारे 39 बाय 26 सेंटीमीटर असेल तर ते ओबान, एकोणिसाव्या शतकात एदोत सर्वांत जास्त चाललेलं माप. सुमारे 26 बाय 19 म्हणजे चूबान. उंच आणि अरुंद, साधारण 33 बाय 15, असेल तर होसोबान. हे माप अठराव्या शतकात नटांच्या चित्रांसाठी ठरलेलंच होतं, आणि कात्सुकावा शुन्शो (1726–1792) आणि त्याच्या शिष्यांची बहुतेक नटचित्रं याच मापात आहेत. नटाचे कपडे वेगळे केले तरी चेहऱ्यावरून तो ओळखू यावा, अशी चित्रं रुळवण्यात शुन्शोचा वाटा मोठा आहे. त्याच्या आधीच्या तोरी घराण्याच्या चित्रांत जोर आणि आवेश भरपूर असतो, पण चेहरे साच्यातले. तिथे ओळख फक्त चिन्हावरून आणि छापलेल्या नावावरून करायची.

कडा कापलेल्या असू शकतात. माप एखाद-दोन सेंटीमीटर कमी भरलं तर सही किंवा शिक्का अर्धवट कापला गेला आहे का ते पाहा. चित्र कडेशी अचानक तुटत असेल, एखाद्याची तलवार अर्धीच दिसत असेल, तर ते तीन पानी चित्रातलं एक पान असण्याची शक्यता मोठी. ही पानं सुटीही विकली जात, त्यामुळे एकटं सापडणं नवलाचं नाही.

शिक्का

एदोत छापण्याआधी चित्राचा आराखडा तपासून घ्यावा लागे, आणि तपासनिसाचा शिक्का ठशातच कोरला जाई. शिक्क्याची पद्धत वेळोवेळी बदलत गेली. त्यामुळे पानावर शिक्के किती आणि कुठल्या आकाराचे, एवढ्यावरून काळ बराच आवळता येतो.

एकच छोटा गोल शिक्का आणि त्यात ‘किवामे’ हे एकच गच्च अक्षर असेल, तर पान 1791 ते 1842 मधलं. 1843 ते 1847 या काळात तपासनिसाच्या नावाचा एक शिक्का दिसतो. 1847 ते 1852 मध्ये असे दोन शिक्के शेजारी-शेजारी किंवा एकाखाली एक. 1852 च्या दुसऱ्या महिन्यापासून 1853 च्या अखेरीपर्यंत हे दोन शिक्के आणि शिवाय तारखेचा लंबगोल शिक्का, असे तीन. त्यानंतर 1857 पर्यंत ‘आरातामे’ हा गोल शिक्का आणि तारखेचा लंबगोल, असे दोन. 1858 मध्ये फक्त तारीख. 1859 ते 1871 या काळात तारीख आणि ‘आरातामे’ एकाच गोल शिक्क्यात. 1876 पासून पानाच्या कडेला प्रकाशकाचं नाव, पत्ता आणि पूर्ण तारीख छापलेली सापडते. तिथे वर्ष मेइजी सम्राटाच्या कारकिर्दीतलं असतं, त्यात 1867 मिळवले की इसवी सन येतो.

तारखेच्या शिक्क्यात वर्ष प्राण्याच्या नावाने आणि महिना आकड्याने असतो. 1852 उंदराचं वर्ष. पुढे क्रमाने बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा, रानडुक्कर, आणि 1864 ला पुन्हा उंदीर. बारा वर्षांनी प्राणी परत येतो, म्हणून नुसता प्राणी वाचून थांबू नका. उंदीर दिसला आणि सोबत नावाचे दोन शिक्के असतील तर 1852. उंदीर आणि ‘आरातामे’ एकाच गोलात असतील तर 1864. 1805 ते 1810 च्या सुमारासही काही पानांवर तारखेचा शिक्का आहे, पण त्याच्या जोडीला किवामे असतो.

महिन्याच्या आकड्याशेजारी एक जादा अक्षर कधी कधी दिसतं. ते अधिक महिन्याचं. चांद्र पंचांग आपल्याकडेही असल्याने मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही, फक्त एक फरक लक्षात ठेवायचा. आपल्याकडे अधिक श्रावण आधी आणि निज श्रावण नंतर. जपानी पंचांगात मूळ महिना आधी आणि त्याच नावाचा अधिक महिना त्याच्यामागून. 1852 मध्ये दुसरा महिना अधिक होता, 1854 मध्ये सातवा, 1857 मध्ये पाचवा. तारखा इंग्रजी महिन्यांत बदलतानाही घाई नको, कारण पहिला महिना म्हणजे जानेवारी नव्हे, तो जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत सुरू होई. जपानने 1 जानेवारी 1873 पासून आजचं कॅलेंडर घेतलं.

शिक्का मुळीच नसेल तर? पान 1791 च्या आधीचं असेल, ओसाकाचं असेल (तिथे हे शिक्के सहसा नसत), किंवा कड कापताना तो गेला असेल. चूबान माप, दाट रंग आणि शिक्का नाही, असं असेल तर आधी ओसाकाचाच विचार करा.

आता सही

सहीचं शेवटचं अक्षर ‘गा’ किंवा ‘हित्सु’ असतं, म्हणजे अमक्याने काढलं. सर्वांत जास्त गोंधळ ‘तोयोकुनी’ या सहीचा होतो. पहिला तोयोकुनी 1825 मध्ये वारला. त्यानंतर त्याचा शिष्य तोयोशिगे याने काही वर्षं हेच नाव लावलं. मग 1844 मध्ये कुनिसादाने (1786–1865) ते घेतलं आणि शेवटपर्यंत वापरलं. म्हणजे ‘तोयोकुनी’ सहीखाली नावाचा किंवा 1852 पासूनचा तारखेचा शिक्का असेल, तर तो चित्रकार बहुतेक कुनिसादाच. किवामे असेल तर पहिला किंवा दुसरा. उलट 1852 नंतरच्या तारखेच्या पानावर ‘कुनिसादा’ अशी सही असेल तर तो त्याचा शिष्य आणि जावई, दुसरा कुनिसादा. आजही विक्रीच्या वर्णनांत ही चूक वारंवार दिसते. शिक्का आधी वाचला असता तर ती टळली असती.

घराण्याचं चिन्ह

प्रत्येक नटघराण्याचं एक चिन्ह असतं, त्याला मोन म्हणतात. बाहीवर, छातीवर, कधी पंख्यावर ते शोधा. एकात एक बसवलेले तीन चौकोन म्हणजे तांदूळ मोजायची मापं वरून दिसतात तशी. हे इचिकावा दांजूरोचं चिन्ह, मिमासु. गोलात तीन पंखे म्हणजे इवाई हान्शिरो. बांधलेल्या कापसाचं पुडकं म्हणजे सेगावा किकुनोजो. एकमेकांवर ठेवलेले पंखे आणि ओकची पानं म्हणजे ओनोए किकुगोरो. चार पाकळ्यांची फुलं चौकटीत, शंकरपाळ्याच्या आकारात मांडलेली असतील तर मात्सुमोतो कोशिरो.

इथे एक सापळा आहे. पोशाखावरचं चिन्ह कधी नटाचं नसून भूमिकेचं असतं. सोगा भावांच्या नाटकांत धाकट्या गोरोच्या अंगावर फुलपाखरं आणि थोरल्या जूरोच्या अंगावर चिदोरी पक्षी असतात, मग नट कोणीही असो. फुलपाखरू पाहून नटाचं घराणं शोधत बसलात तर दिवस वाया जाईल. पण तेच फुलपाखरू भूमिका मात्र क्षणात सांगतं.

चिन्हावरून घराणं कळलं तरी माणूस कळायचा राहतो, कारण नाव पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातं. इथे शिक्क्याने काढलेला काळ कामी येतो. सातवा दांजूरो या नावाने 1800 ते 1832 पर्यंत होता, आठवा 1832 ते 1854. नववा 1874 मध्ये त्या नावावर आला आणि 1903 मध्ये वारला. समजा मिमासु आहे आणि शिक्के 1852 चे आहेत. तर उमेदवार दोन: तिशीच्या आसपासचा आठवा, आणि त्याचा बाप, म्हणजे माजी सातवा, जो तेव्हा एबिझो या नावाने वावरत होता. आता कुठे चेहऱ्याची पाळी येते. मुलगा लांबट, देखण्या चेहऱ्याचा. बाप भेदक, मोठ्या डोळ्यांचा आणि वयस्क.

काही चेहरे एकदा पाहिले की विसरत नाहीत. पाचव्या कोशिरोचं (1764–1838) नाक इतकं मोठं आणि बाकदार की लोक त्याला नाकवाला कोशिरोच म्हणत. पाचव्या हान्शिरोच्या (1776–1847) डोळ्यांना लोकांनी हजार र्‍योंचे डोळे म्हटलं, र्‍यो म्हणजे सोन्याचं नाणं. चित्रकारांनी ही वैशिष्ट्यं वर्षानुवर्षं जपली, म्हणून ओळखीच्या दहा-बारा पानांशी ताडून पाहिलं की नजर तयार होते.

चेहरा वाचायची सवय का लावायची, त्याचं कारण 1842 मध्ये आहे. त्या वर्षी, तेनपो सुधारणांच्या, म्हणजे उधळपट्टीवर लगाम घालण्याच्या काळात, सरकारने नटांची चित्रं छापायला बंदी घातली. सातव्या दांजूरोला तर ऐषआरामाबद्दल एदोतून हद्दपार केलं. काही वर्षांत चित्रं पुन्हा निघू लागली, पण नटाचं नाव छापायचं नाही, भूमिकेचं तेवढं छापायचं, असा रिवाज 1860 च्या सुमारापर्यंत राहिला. त्या काळातल्या पानावर चौकटीत नाव दिसलं की ते नटाचं समजू नका. ते बहुधा पात्राचं असतं.

भूमिका

रंगवलेला चेहरा म्हणजे कुमादोरी. लाल पट्टे न्यायाच्या बाजूचा, बळाचा, रागाचा वीर दाखवतात. निळे पट्टे खलनायकाचे किंवा भुताचे. तपकिरी रंग राक्षस किंवा मायावी जनावर. विटकरी-केशरी रंगाच्या अवाढव्य चौकोनी बाह्या आणि त्यांवर मोठं मिमासु दिसलं तर तो ‘शिबाराकु’ या नाटकातला नायक. जांभळी पट्टी कपाळाला बांधून तिची गाठ उजवीकडे सोडली असेल आणि हातात छत्री असेल तर सुकेरोकु हे पात्र. हीच पट्टी डावीकडे बांधली की अर्थ बदलतो आणि पात्र आजारी ठरतं.

स्त्री दिसते आहे म्हणून ते सुंदरींचं चित्र समजू नका. 1629 मध्ये स्त्रियांना रंगमंचावर बंदी झाली, 1652 मध्ये कोवळ्या मुलग्यांनाही, आणि मग प्रौढ पुरुषच स्त्रीपार्ट करू लागले. पुढचे केस भादरलेले असावेत अशी सक्ती होती, म्हणून तो भाग झाकायला कपाळावर जांभळ्या रेशमाचा तुकडा आला. भिंग लावून केसांच्या पुढच्या कडेशी पाहा. कपाळ आणि केस यांच्यामध्ये जांभळा किंवा उडून करडा-तपकिरी झालेला पट्टा दिसला तर तो ओन्नागाता, म्हणजे स्त्रीपार्टी नट. बालगंधर्वांचे फोटो पाहिलेल्या मराठी माणसाला पुरुषाने उभं केलेलं हे स्त्रीपण परकं वाटणार नाही. काबुकीत ते आजही चालू आहे.

ताडून पाहणं

महिना, नट, भूमिका मिळाली की पानाचा फोटो ऑनलाइन संग्रहांशी ताडा. तोक्योतल्या वासेदा विद्यापीठाच्या नाट्यसंग्रहालयाचा आणि क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठाचा संग्रह नटचित्रांसाठी सर्वांत भरवशाचा, कारण तिथल्या नोंदींत नाटक, नाट्यगृह आणि तारीख असते. फोटो सरळ वरून, सावली न पडता काढा.

तिन्ही उत्तरं जुळत नसतील तर दोन शक्यता आधी तपासा. एक, मिताते, म्हणजे कल्पनेतली पात्रयोजना. कुनिसादाने 1852 मध्ये एदो ते क्योतो जाणाऱ्या तोकाइदो रस्त्याच्या मुक्कामांवर नटांची मोठी मालिका काढली. त्यात नट अशा भूमिकांत आहेत ज्यांचा त्या महिन्यातल्या प्रयोगाशी संबंध नाही, काही तर तेव्हा हयातही नव्हते. मालिकेचं शीर्षक वरच्या चौकटीत असतं, ते आधी वाचून घ्या. दुसरी शक्यता म्हणजे शिनी-ए, मृत्यूनंतरचं चित्र. फिकट निळा पोशाख, हातात जपमाळ, बाजूला मृत्यूची तारीख, वय आणि मरणोत्तर बौद्ध नाव. आठवा दांजूरो 1854 च्या आठव्या महिन्यात ओसाकात आत्महत्या करून गेला, तेव्हा अशी चित्रं शेकड्यांनी निघाली. ती घाईत छापलेली आहेत, अनेकांवर ना सही ना शिक्का. तिथे शिक्का नसणं हा दोष धरू नये.

छाप जुनी की नंतरची

भिंगाखाली रंग पाहा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते यंत्रावरचं छापील चित्र, विषय संपला. ठशाच्या छापेत रंग कागदाच्या धाग्यांत मुरलेला असतो. पान उलटं करा: मागे रंग पाझरलेला आणि बारेनने घासल्याच्या गोलसर खुणा दिसायला हव्यात. बारेन म्हणजे बांबूच्या सालीत गुंडाळलेली चपटी गादी. दाब हाताचा असल्याने खुणा एकसारख्या नसतात.

मग केस पाहा. कपाळाजवळच्या केसांच्या रेषा लाकडावर केसाइतक्याच बारीक कोरल्या जात आणि हे काम सर्वांत तरबेज कोरणाऱ्याकडे असे. जंगली चेरीचं लाकूड कठीण असलं तरी हजारो छापांनंतर या रेषा आधी झिजतात. रेषा सुट्या, टोकदार असतील तर छाप सुरुवातीची. त्या जाड होऊन एकमेकींना चिकटल्या असतील, चौकटीची रेघ मध्ये तुटली असेल, पार्श्वभूमीवरची रंगाची उतरती छटा सपाट झाली असेल, तर छाप नंतरची.

बॅटरी पानाला जवळजवळ समांतर धरा. शाईविना दाबून उठवलेली नक्षी, काळ्या पोशाखावर घासून आणलेली चकाकी, असं काही तेव्हाच दिसतं. समोरून काढलेल्या फोटोत यातलं काही येत नाही, म्हणून विकत घेताना असा तिरप्या उजेडातला फोटो मागून घ्या.

शाराकू या चित्रकाराचं चित्र समोर आलं तर नकल समजूनच सुरुवात करा. त्याचं सगळं काम 1794 च्या पाचव्या महिन्यापासून पुढच्या वर्षारंभापर्यंतचं, सुमारे दहा महिन्यांचं. प्रकाशक त्सुताया जूझाबुरो. पहिल्या 28 मोठ्या चेहऱ्यांमागे गडद अभ्रकाची पार्श्वभूमी आहे. तिसरा ओतानी ओनिजी एदोबेईच्या भूमिकेत, दोन्ही पंजे फाकवून उभा, हे त्यांतलं सर्वांत ओळखीचं. पान हळूहळू तिरपं करा. पार्श्वभूमी कुठे चमकते, कुठे घासून विरळ झालेली, असं दिसायला हवं. ती सपाट राखाडी असेल तर ती नंतरची प्रत. विसाव्या शतकात नव्याने कोरून काढलेल्या प्रती मात्र अभ्रकासह, फार कसबाने केलेल्या आहेत आणि प्रती म्हणूनच विकल्या गेल्या. अडचण येते ती कुणी कडेचा छापखान्याचा शिक्का कापून टाकला की. अशा वेळी कागद बघा: दोनशे वर्षांत एकही सुरकुती, डाग, किड्याचं भोक नाही, हे क्वचितच होतं.

रंगही साक्ष देतात. झगझगीत प्रशियन निळा एदोत 1830 च्या आसपास सर्रास आला, तेव्हा शुन्शोच्या पानावर तो दिसला तर ती छाप शुन्शोच्या काळातली नाही. भडक लाल आणि जांभळे रासायनिक रंग 1860 च्या दशकापासूनचे. चित्रकार कुनिचिकाच्या (1835–1900) त्यानंतरच्या पानांवर ते दिसणारच, तिथे तो दोष नाही.

जपणं

जुने वनस्पतिजन्य रंग फार नाजूक. कुसुंब्याचा लाल उजेडाने फिका पडत जातो, दिवसफुलाचा (केन्याच्या जातीच्या एका रानफुलाचा) निळा नुसत्या ओलाव्याने जातो. म्हणून ओल्या बोळ्याने डाग पुसायला जाऊ नका. डागाच्या आधी रंग निघेल. उजेड 50 लक्सच्या आत, अतिनील किरणं अडवणारी काच, आणि तीन महिने भिंतीवर राहिलं की पुढची काही वर्षं पेटीत.

कोकणात, मुंबईत, गोव्यात खरी परीक्षा पावसाळ्याची. आर्द्रता 65 टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी धरते. 45 ते 55 मध्ये ठेवायचा प्रयत्न करा. बाहेरच्या भिंतीवर फ्रेम टांगू नका, ती भिंत ओल खेचते आणि कागद काचेला चिकटतो. फ्रेममध्ये काच आणि पान यांच्यात आम्लरहित माउंटचं अंतर हवंच. पान चिकटवायचं तर फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी, जपानी कागदाच्या पट्ट्यांनी आणि गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने. सेलोटेपचा पिवळा डाग कागदातून पुन्हा निघत नाही. प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेलं पान तर गेलंच समजा.

ठेवणीतली पानं आम्लरहित कागदात एकेकटी, आडवी, झाकणाच्या पेटीत ठेवा. आत आर्द्रतामापक आणि सिलिका जेल असू द्या, जेल रंग बदलला की तापवून परत वापरता येतं. डांबरगोळ्या पेटीत नकोत, त्यांची वाफ कागदावर बसते. कसर लागली आहे का हे पाहायला पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पेटी उघडा: कडेला कुरतडल्यासारखी झिलई गेलेली जागा किंवा मिरपुडीसारखे कण दिसले तर ते पान लगेच वेगळं काढा, आणि बाकीची सगळी पानं मागून-पुढून तपासल्याशिवाय पेटी पुन्हा बंद करू नका.